‘रिक्षाने आले, दीडशे घेतले’ : मालिकेत संशय लिहिताना

प्रश्न : मी नुकतीच एका दैनंदिन मालिकेच्या टीममध्ये पटकथेला लागले आहे. नवरा बायकोवर संशय घेतो आणि दोघं वेगळी होतात, असा ट्रॅक माझ्याकडे आलाय. वनलाइन अशी : नणंद आपल्या भावाला वहिनीचा परक्या पुरुषाबरोबरचा फोटो पाठवते, तो भडकतो, बायकोला घराबाहेर काढतो, तीन महिन्यांनी फोटो खोटा निघतो आणि तो माफी मागतो. लिहायला बसले की सगळं खोटं वाटतं. काय चुकतंय?

उत्तर : तुम्हाला खोटं वाटतंय ते बरोबरच आहे, त्या वाटण्याला धरून राहा. मी १८ वर्षं मालिकांची पटकथा आणि संवाद लिहितेय. हा ट्रॅक वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या नावांनी माझ्या वाट्याला पुष्कळदा आला. त्यातला एकच मनासारखा उतरला, आणि तोसुद्धा का उतरला हे मला फार उशिरा कळलं. ते शेवटी सांगते.

तुमच्या वनलाइनमध्ये लग्न मोडायचं सगळं काम नणंद करतेय. फोटो तिने मिळवला, वेळ तिने साधली, पाठवला तिने. नवऱ्याला फक्त भडकायचंय आणि बायकोला फक्त रडायचंय. ज्या दोघांचं लग्न आहे त्यांना या गोष्टीत कामच नाही. म्हणून फोटो खोटा निघाला की नणंदेला घराबाहेर काढायचं आणि संसार होता तिथे आणून ठेवायचा, एवढंच उरतं. म्हणजे मधल्या तीन महिन्यांत त्या लग्नाला काहीच झालं नाही. घरी भाजी निवडत मालिका बघणाऱ्या बाईला हे आपल्याआधी कळतं.

पहिला प्रश्न स्वतःला हा विचारा : फोटो बघितल्यावर त्याला तो खरा का वाटला? दहा नवऱ्यांना तोच फोटो पाठवला तर सात जण बायकोलाच दाखवून विचारतील, ‘हे कोण गं?’ तुमचा नवरा का विचारत नाही? त्याच्या मनात फोटो येण्याआधीपासून काहीतरी दुखतंय. ते काय आहे हे तुम्हाला माहीत नसेल, तर फोटो कितीही चांगला शूट झाला तरी तो कागदच राहणार.

आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. स्टार प्रवाहवर २०१९ ते २०२३ चाललेली ‘रंग माझा वेगळा’ तुम्ही पाहिली असेल. मूळ मल्याळम ‘करुतमुत्तु’, त्यावरून तेलुगूत ‘कार्तिक दीपम’ आणि मग आपली मराठी. तिन्ही भाषांत लोकांनी ही गोष्ट वर्षानुवर्षं पाहिली, त्याचं एक कारण माझ्या मते संशयाच्या बांधणीत आहे. नवरा डॉक्टर. आपण बाप होऊ शकत नाही अशी त्याची समजूत झालेली. आणि बायको सांगते, दिवस गेलेत. जी बातमी घरात पेढे वाटायला लावते, तीच त्याच्या लेखी तिच्याविरुद्धचा पुरावा होते. इथे कुणाला रोज येऊन कान भरावे लागत नाहीत. त्याचं स्वतःबद्दलचं दुःखच त्याचे कान भरतं. पुढे जुळ्या मुली दोन घरांत वाढतात, कारस्थानं येतात, ताणाताणी होते, दैनंदिन मालिकेत ती व्हायचीच. पण पाया पक्का आहे, कारण बायकोवरच्या संशयाआधी त्याला स्वतःच्या शरीराबद्दल शंका आहे.

मी नवीन मुलांना शिकवते तेव्हा एक छोटी गोष्ट सांगते. तीच इथे मांडते, कारण संशय पावलापावलाने कसा चालतो ते त्यात दिसतं.

नाशिकचं सिडको. महेश सातपूर एमआयडीसीत एका कारखान्यात होता, ऑर्डरी कमी झाल्या आणि त्याला घरी बसवलं. अश्विनीला शालिमारजवळच्या पतसंस्थेत नोकरी लागली. आता सकाळी डबा घेऊन ती निघते आणि दार लावून घेतो तो. महिन्याभरापूर्वी ती जेवताना सहज म्हणाली होती, ‘आमचे देसाई सर फार हसवतात.’ त्यावर महेश काही बोलला नाही, पण पानातलं जेवण टाकून उठला. तिने ते मनात ठेवलं.

एका संध्याकाळी धो धो पाऊस. देसाईंनी तिला स्कूटरवरून कोपऱ्यापर्यंत सोडलं. घरात आल्यावर महेशने टॉवेल दिला आणि विचारलं, ‘कशी आलीस?’ ती म्हणाली, ‘रिक्षाने.’ ‘किती घेतले?’ ‘साठ.’

इथे थांबा आणि नीट बघा. ती खोटं बोलली. का बोलली? लपवण्यासारखं काही होतं म्हणून नाही. खरं सांगितलं तर ताट पुन्हा तसंच पडेल, या धास्तीने. संशयानेच तिच्या तोंडून खोटं वदवलं, आणि आता त्याच खोट्याच्या जोरावर तो संशय खरा ठरणार आहे. हा गुंता हाती लागला की तुम्हाला नणंदेची गरज उरत नाही. नणंद असू दे घरात, चॅनलला हवीच असते, पण तिने फक्त एखादं वाक्य टाकावं. उदाहरणार्थ, ‘पावसात रिक्षा मिळाली? नशीबच वहिनीचं.’

दुसऱ्या दिवशी महेश कोपऱ्यावरच्या स्टँडवर जातो. ‘शालिमारहून इथपर्यंत किती घेता हो?’ रिक्षावाला म्हणतो, ‘कालच्यासारखा पाऊस असला तर दीडशेच्या खाली कुणी येत नाही, भाऊ.’ बस्स. या सीनमध्ये महेशला रडवू नका, ओरडू देऊ नका. तो ‘बरं’ म्हणतो आणि दूध घेऊन घरी येतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी अश्विनी स्टँडवर उभी राहते. तोच रिक्षावाला, भला माणूस, काळजीने विचारतो, ‘ताई, काल मिस्टर भाडं विचारायला आले होते. कुणी जास्ती घेतलं का तुमच्याकडून?’

माझ्या दृष्टीने लग्न इथे मोडलं. अजून कुणी कुणावर आरोप केलेला नाही, आवाज चढलेला नाही. पण आपला नवरा आपलं बोलणं बाहेर जाऊन तपासून येतो हे तिला परक्या माणसाकडून कळलं, तेही भर रस्त्यात, आणि वर त्या माणसाकडे बघून हसावं लागलं. दिग्दर्शकाला सांगा, कॅमेरा त्या हसण्यावर ठेवा. ‘चारित्र्यहीन’ वगैरे शब्द असलेला दहा पानांचा कन्फ्रंटेशन सीन या हसण्याच्या पासंगालाही पुरत नाही.

संशय आणि तपासणी या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, हे लिहिताना पक्कं धरा. मनात शंका येणं माणसाचं आहे आणि प्रेक्षक ती माफ करतो. तपासायला सुरुवात केली की नवरा नवरा राहत नाही, पहारेकरी होतो. फोनचा ‘लास्ट सीन’ बघणं, निळ्या टिका मोजणं, तिच्या डब्यातली पोळी परत का आली ते विचारणं, मुलाला ‘आईबरोबर कोण होतं?’ असं लाडाने विचारणं. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यांत भयंकर वाटते. ती लिहाल तेव्हा मुलाचा चेहरा जरूर दाखवा, त्याला कळत असतं की आपल्याला कशासाठी तरी वापरलं जातंय.

एक जुना धडा सांगते. गोविंद बल्लाळ देवलांनी संशयावर दोन टोकांची दोन नाटकं दिली. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून १८९० साली ‘झुंझारराव’, आणि तसबिरीच्या घोटाळ्याचं ‘संशयकल्लोळ’, जे संगीत होऊन १९१६ साली रंगभूमीवर आलं. दोन्हींत एक फालतू वस्तू घर पेटवते : एकात रुमाल, दुसऱ्यात तसबीर. मग एकात बायकोचा जीव जातो आणि दुसऱ्यात शंभर वर्षांनंतरही आपण पोट धरून हसतो, ते का? ‘संशयकल्लोळ’मध्ये चक्कर आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो ते कृत्तिका बघते, आणि अश्विनशेटची तसबीर कृत्तिकेच्या हातात आहे ते फाल्गुनराव बघतो. दोघंही संशय घेतात, दोघंही तोंडावर बोलतात, कडाकडा भांडतात. भांडणारं जोडपं अजून एकमेकांशी बोलत असतं. ‘ऑथेल्लो’त नवरा जे विचारायचं ते आधी बायकोला विचारत नाही, तिसऱ्याला विचारतो. ती तर तिच्यावर खटला चालू आहे हेही बराच काळ न कळता वावरत असते. माझ्या टीममधल्या प्रत्येकाला मी ही दोन्ही नाटकं शेजारी ठेवून वाचायला लावते. तुमचा ट्रॅक हलका करायचा असेल तर दोघांना बोलू द्या. लग्न मोडायचं असेल तर बोलणं तिसऱ्याकडे वळवा.

‘आणि संशय खरा असेल तर?’ असं तुम्हाला क्रिएटिव्हच्या मीटिंगमध्ये कुणीतरी विचारेलच. तेव्हा बीबीसीची २०१५ सालची ‘डॉक्टर फॉस्टर’ आठवा. पहिला सीझन फक्त पाच भागांचा. इंग्लंडमधल्या एका छोट्या गावातली डॉक्टर. नवऱ्याच्या मफलरवर तिला एक लांब सोनेरी केस सापडतो, आणि तिथून सगळं सुरू होतं. तिचा संशय खरा ठरतो. नवरा खरंच फसवतोय, आणि वर जवळच्या मित्रमैत्रिणींना ते आधीपासून माहीत होतं. पण लेखकाने तिला नुसती बिचारी ठेवलेली नाही. नवऱ्याच्या पाळतीवर ती स्वतःच्याच एका पेशंट मुलीला लावते आणि बदल्यात तिला झोपेच्या गोळ्या लिहून देते. खरं शोधता शोधता ती स्वतःच्या पेशाशी खोटी होते. हीच गोष्ट कोरियात २०२० साली १६ भागांत आली आणि तुफान चालली, आपल्याकडे हिंदीतही आली. तिन्ही ठिकाणी ती पोचली, कारण नवरा दोषी निघाला म्हणून बायकोच्या मनाचं जे झालं ते भरून आलं नाही. संशय चूक की बरोबर हा प्रेक्षकाच्या उत्सुकतेचा प्रश्न आहे, त्याने एपिसोडचा हुक मिळतो. पण गोष्ट त्यापलीकडची आहे.

आता आपल्या कामाच्या अडचणीकडे येऊ, कारण तुम्ही वेबसिरीज लिहीत नाही आहात. आठवड्याला सहा एपिसोड, प्रत्येकी बावीस-तेवीस मिनिटं, बँक, म्हणजे आधी तयार ठेवलेले एपिसोड, संपत आलेली, आणि गुरुवारी बार्कचे टीआरपीचे आकडे. संशयाचा ट्रॅक निर्मात्याला आवडतो, कारण तो स्वस्तात पडतो. आउटडोअर नाही, नवा सेट नाही. बेडरूम, स्वयंपाकघर, दोन कलाकार, एक फोन. आकडे जरा वर गेले की निरोप येतो, ‘सत्य इतक्यात बाहेर काढू नका.’ माझ्या एका मालिकेत पाच आठवड्यांचा ट्रॅक असाच सात महिने ओढायला लावला. मी ओढला. बायको सांगायला तोंड उघडते आणि दारावरची बेल वाजते. चिठ्ठी लिहिते आणि ती वाऱ्याने उडते. तो फोन उचलतो आणि रेंज जाते. आठव्या-नवव्या आठवड्याला आम्हाला पत्रं आणि मेसेज येऊ लागले, ‘ती बाई एकदाचं सांगून का टाकत नाही?’ त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तिला मी गप्प ठेवत होते, तिच्या स्वभावाने नाही. प्रेक्षकाच्या मनातून ते पात्र उतरलं ते पुन्हा चढलं नाही. त्या अभिनेत्रीचं फार नुकसान झालं, आणि ते मला आजही लागतं.

ओढावंच लागलं तर तिच्या गप्प राहण्याला तिच्याकडचं कारण द्या. अभिमान हे फार खणखणीत कारण आहे. ‘ज्याला विचारायचं सुचलं नाही, त्याला मी आपणहून का सांगू?’ या एका भावनेवर चार आठवडे सहज निघतात आणि प्रेक्षक तिच्या बाजूने राहतो. दारावरची बेल मात्र वाजवू नका.

डीएनएबद्दलही सांगते, कारण असे ट्रॅक शेवटी तिथेच येऊन ठेपतात. पाकीट येतं, संगीत चढतं, अहवाल वाचला जातो, बाप रडतो. कायदा या गोष्टीकडे इतक्या सैलपणे बघत नाही. लग्नात जन्मलेलं मूल त्या नवऱ्याचंच, असं कायदा धरून चालतो. मुलांची डीएनए चाचणी कुणी मागितली म्हणून सरसकट करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली बजावलं, कारण त्यात मुलाचा हक्क आणि मन पणाला लागतं. तुमच्या मालिकेत कोर्ट दाखवणार असाल तर हे वाचून घ्या. आणखी एक निकाल २००३ चा आहे, तो तर प्रत्येक मालिकालेखकाने समजून घ्यावा असा. एका घटस्फोटाच्या खटल्यात नवऱ्याने लेखी जबाबात बायकोच्या चारित्र्यावर घाणेरडे आरोप केले आणि नंतर अर्ज करून ते मागे घेतले. न्यायालयाने म्हटलं की असे आरोप करणं हाच मानसिक छळ आहे, आणि शब्द मागे घेतल्याने झालेला छळ पुसला जात नाही. आपल्या मालिकांचे सत्तर टक्के क्लायमॅक्स याच्या नेमके उलट लिहिलेले असतात असं मला वाटतं. तो ‘मी चुकलो’ म्हणतो, ती रडत बिलगते, मागे शीर्षकगीत. जिच्या घरी हे खरोखर घडलंय ती बाई समोर बसून हे बघत असते. तिला आपण सांगतो की सॉरी आलं, आता तुझं दुखायचं कारण नाही.

आणि एक वाक्य हात जोडून सांगते, लिहू नका : ‘प्रेम आहे म्हणूनच संशय घेतो ना!’ नायकाच्या तोंडी तर नाहीच, सासूच्याही नको. हे वाक्य ऐकून वाढलेल्या मुली मी पाहिल्यात. फोनचा पासवर्ड मागणाऱ्या मुलाला त्या काळजी करणारा म्हणतात.

आता तो एक ट्रॅक, जो मनासारखा उतरला. श्रेय माझं नाही. ठाण्याला घोडबंदर रोडच्या सेटवर शूट चालू होतं. माझ्या सीनमध्ये नायिकेच्या हाती तिचं निर्दोषत्व सिद्ध करणारा कागद येतो आणि ती धावत जाऊन तो नवऱ्याच्या हातात ठेवते. अभिनेत्रीने सीन वाचला आणि मला फोन केला. म्हणाली, ‘ताई, मी का देईन? इतकी वर्षं याच्याबरोबर राहिले, तो पुरावा पुरला नाही, आणि हा कागद पुरणार? कागद बघून त्याने विश्वास ठेवला तर तो कागदावर ठेवला, माझ्यावर कुठे?’ लाइट लावून युनिट थांबलं होतं. मी चाळीस मिनिटांत सीन बदलून पाठवला. तिने ते पाकीट रेशनकार्डाच्या पिशवीत घातलं, पिशवी कपाटात ठेवली आणि कुकर लावला. संवाद एकही नाही.

तीन आठवड्यांनी नवऱ्याला खरं काय ते बाहेरून कळलं. तो आला, म्हणाला, ‘आता माझी खात्री पटली.’ आणि तिच्या तोंडी मी एकच शब्द ठेवला : ‘आता?’ चॅनलला सोमवारच्या एपिसोडला तिला घरी परत आणायचं होतं. त्या एका शब्दानंतर ते कुणालाच शक्य वाटलं नाही, मीटिंगमध्येही कुणी आग्रह धरला नाही. ती अकरा एपिसोड माहेरी राहिली. मग परत आली ती आपल्या अटीवर आली. वेगळ्या खोलीत राहिली आणि किती दिवस, हे त्याने विचारायचं नाही असं ठरलं. त्या आठवड्यांचे आकडेही पडले नाहीत.

तेव्हा तुमच्या नवऱ्याने माफी मागितली, इथे ट्रॅक संपला असं धरू नका. उलट तिथून पुढचे चार एपिसोड आधी लिहा, मग मागचे आपोआप सुचतील. महेश आणि अश्विनीचंच बघा. समजा सगळा उलगडा झाला, महेशला कळलं की देसाईंनी फक्त पावसात सोडलं होतं, तो मनापासून वरमला, नवी नोकरीही लागली. दोघं पुन्हा एका ताटाला बसतात, हसतात. आणि असाच एका संध्याकाळी पाऊस लागतो. अश्विनी दारात येते, भिजलेली. महेश टॉवेल घेऊन उभाच आहे. तो तोंड उघडायच्या आत ती चपला काढता काढता म्हणते, ‘रिक्षाने आले. दीडशे घेतले. आपल्याच स्टँडचा होता, तो चष्मेवाला.’

त्याने काही विचारलेलं नसतं.